पूर्वेला गेलेली पिशवी

हिंजवडीहून कर्वेनगरला पोचायला उत्कर्षाला त्या शुक्रवारी दोन तास लागले. कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या तिनं मनातल्या मनात मुलांच्या कपड्यांच्या घड्या घातल्या, साईचं तापाचं औषध कुठल्या कप्प्यात ठेवायचं ते ठरवलं आणि घरी गेल्यावर कुणावरही ओरडायचं नाही अशी स्वतःला शपथ घातली. शपथ दारातच मोडली. हॉलच्या मधोमध उघड्या सुटकेसमध्ये शंभू पाय पसरून बसला होता. इस्त्री करून ठेवलेले सगळे कपडे बाहेर काढून त्यानं आत डायनोसॉर भरले होते.

"शंभू! हे काय चाललंय?"

"मम्मा, कपडे तिकडे पण मिळतात. डायनोसॉर नाही मिळत."

सहा वर्षांच्या शंभूनं आणखी एक आत कोंबला. दोन वर्षांचा साई तिच्या पायाला येऊन चिकटला. त्याचे केस खांद्यापर्यंत वाढले होते आणि आजीनं त्याच्या दोन शेंड्या बांधल्या होत्या. सोसायटीतल्या निम्म्या लोकांना तो मुलगी वाटायचा. हे जावळ उतरवायलाच तर सगळी यातायात होती. वाशीमच्या पुढे कुलदेवी, पुण्याहून मोटारीनं दिवसभराचा रस्ता, आणि गाडीत ही दोन पोरं.

"तुषार कुठाय?"

"डिकी मोजतोय," खुर्चीतून हिंमतराव म्हणाले. "कधीचा मोजतोय. मोजल्यानं ती मोठी होणार आहे का?"

हिंमतराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले, त्यालाही बरीच वर्षं झाली. पण शिफ्ट लावण्याची सवय काही सुटली नव्हती. घरातल्या प्रत्येक हालचालीची शिफ्ट ते लावत. गाडीतल्या जागा त्यांनी आठवड्यापूर्वीच लावल्या होत्या. स्टीअरिंगला तुषार. त्याच्या शेजारी ते स्वतः, कारण रस्ता त्यांना माहीत. मधल्या सीटवर दोन पोरं आपापल्या बेल्टच्या खुर्च्यांत आणि मधे उत्कर्षा. सगळ्यात मागचं सीट पाडून सामान. सात जणांच्या गाडीत पाच जण, आणि सासूबाई घरी.

म्हणजे घरी तरी कुठं, नणंदेकडे. नम्रताच्या मुलाचं पाळणाघर आठवडाभर बंद होतं, तेव्हा मुक्ताईनं वारज्याला लेकीकडे राहायचं, असं ठरलं होतं. ठरवलं कुणी, हे विचारण्याची या घरात पद्धत नव्हती. कारण मात्र सांगितलं गेलं होतं. मुक्ताईला गाडी लागते आणि तिचे गुडघे आखडतात.

उत्कर्षाला हे ऐकून आधी हायसंच वाटलं होतं, आणि त्याची तिला आठवडाभर लाज वाटत होती. एक माणूस कमी म्हणजे एक पिशवी कमी, उलटीसाठी थांबणं कमी. तिच्या डोक्यात सध्या माणसं नव्हतीच, नुसत्या पिशव्या होत्या.

ती स्वयंपाकघरात गेली. मुक्ताई ओट्याशी उभी राहून दशम्या लाटत होती. आपण जिथं जाणार नाही त्या प्रवासासाठी तिनं दशम्या केल्या होत्या, तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या आणि साईसाठी गूळपापडीही.

"आई, कशाला इतकं? वाटेत मिळतं सगळं."

"मिळतं. पण शंभू खात नाही ते."

"तुम्ही दमलात. बसा ना जरा."

"उद्यापासून बसायचंच आहे," मुक्ताई म्हणाली. ती रागानं बोलली नाही. उत्कर्षा नुसतीच पुऱ्यांचा डबा बंद करत राहिली.

बाहेरून तुषार आला, हातात टेप आणि कपाळावर घाम. "ती घडीची बाबागाडी नाही बसत. एक तर बाबागाडी, नाहीतर बाबांचा कूलर."

"पाण्याचा कूलर लागतोच," हिंमतराव म्हणाले.

"बाबा, डिसेंबर आहे."

"वऱ्हाडात पाणी थंडच लागतं माणसाला. डिसेंबर असो नाहीतर काही असो."

"अहो बाबा, वाटेत बाटल्या मिळतात!" उत्कर्षा बाहेर येऊन म्हणाली. "पोरांचे डायपर ठेवायला जागा नाहीये, आणि आपण पंधरा लिटर पाणी घेऊन निघालोय."

"डायपर पुण्यात घाला. तिकडे मोकळी हवा आहे," हिंमतराव म्हणाले. यावर तिनं शंभूला सुटकेसमधून उचलून बाहेर ठेवलं. शंभूनं जे भोकाड पसरलं ते ऐकून साईनंही सूर लावला.

दारावरची बेल वाजली ती याच गोंधळात.

नम्रता आत आली तीच घाईत. "आई, चल गं. खाली रिक्षा थांबवलीय, तो आधीच कटकट करतोय." हॉलमधली दशा बघून ती थबकली. "दादा, तुम्ही उद्या निघणार आहात की पुढच्या महिन्यात?"

"तू आलीस ना, आता लगेच निघतो," तुषार म्हणाला.

नम्रताला भावाशी भांडायला वेळ नव्हता. सोमवारी तिच्या ऑफिसात नवीन साहेब यायचे होते आणि घरी चार वर्षांचं पोर. आई चार दिवस येतेय, एवढ्या एकाच गोष्टीवर तिचा आठवडा उभा होता. आईला जायचं असेल का, हा प्रश्न तिच्या मनात एकदा आला होता. बाबा नाही म्हणतात म्हणजे काहीतरी असेल, असं म्हणून तिनं तो बाजूला सारला होता.

"आई, पिशवी कुठाय तुझी?"

मुक्ताई पदराला हात पुसत बाहेर आली. "गेली."

"कुठं गेली?"

"पूर्वेला."

नम्रतानं उत्कर्षाकडे पाहिलं, उत्कर्षानं तुषारकडे. हिंमतरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही सकाळी नेलीत ती," मुक्ताई म्हणाली. "अकबरभाईंकडे ठेवायला."

हिंमतराव उठले. दिवाणाशेजारच्या खुर्चीवर लक्ष्मी रस्त्यावरच्या साडीच्या दुकानाची एक कापडी पिशवी होती. त्यांनी ती उघडली. आतून त्यांचा पांढरा सदरा निघाला, धोतर निघालं, टोपी निघाली. नारळ नव्हता, सुपारी नव्हती.

प्रकार असा होता. शनिवारी पूर्वेला जायला दिवस वाईट. सुट्टी मात्र शनिवारपासूनच. हिंमतरावांच्या घराण्यात यावर जुना तोडगा होता, तो म्हणजे प्रस्थान ठेवणं. आदल्या चांगल्या दिवशी, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या एखाद्या घरी, घरातल्या मोठ्याचं वस्त्र, नारळ आणि सुपारी नेऊन ठेवायची. तिथून पुढे तो माणूस घरात चहा पीत बसला असला तरी शास्त्राप्रमाणे निघालेला. त्याच्या मागोमाग सगळं घर निघालेलं. निघताना ते वस्त्र वाटेत उचलायचं. घरी मात्र परत आणायचं नाही. आणलं की प्रवास मोडला, आणि मोडलेला प्रवास पुन्हा करायचा नाही. हिंमतरावांनी हे गेल्या चार दिवसांत प्रत्येकाला निदान दोनदा ऐकवलं होतं. सकाळी राहुकाळ लागायच्या आत पोचायचं म्हणून ते घाईनं उठले, दोन सारख्या पिशव्यांमधली हाताला आली ती उचलली, वरून नारळ आणि सुपारी टाकली आणि रस्ता ओलांडून अकबरभाईंच्या बिल्डिंगमध्ये ठेवून आले. मुक्ताईच्या साड्या, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि जपाची माळ अशी पूर्वेला रवाना झाली.

उत्कर्षाला हसू फुटलं. दिवसभरातलं ते तिचं पहिलं हसू होतं आणि ते तिला आवरेना.

"यात हसण्यासारखं काय आहे?" हिंमतराव म्हणाले.

"काही नाही बाबा. आई निघाल्यासुद्धा."

"कोणी निघालं नाही! चूक झाली. मी बदलून आणतो."

"बाबा, तुम्हीच सांगितलंत ना, परत आणायचं नाही," तुषार म्हणाला.

"परत नाही आणत. तिथल्या तिथं बदलतो."

"आणि माझी रिक्षा?" नम्रता ओरडली. तिचं कुणीच ऐकलं नाही. हिंमतराव चपला घालून केव्हाच जिन्यावर पोचले होते.

अकबरभाई आणि हिंमतराव कारखान्यात एका शेडमध्ये होते. कर्वेनगरला जागा घेतली तीही एकमेकांचं बघून. हिंमतरावांच्या घरचं पूर्वेचं प्रत्येक प्रस्थान अकबरभाईंच्याच कपाटात राहत आलं होतं, आणि अकबरभाईंच्या घरून हज यात्रेला माणसं निघाली तेव्हा विमानतळावर सोडायला हिंमतरावच गेले होते. त्यामुळे या घरात ते बेल वाजवत नसत.

"पिशवी द्या जरा," आत शिरत ते म्हणाले.

"इतक्यात निघालात?" अकबरभाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. "पोरं झोपलीपण नसतील."

"निघालो नाही. पिशवी बदलायची आहे. चुकून हिची आली."

अकबरभाईंची बायको अख्तरबानू आतून आल्या. "चुकून? मला वाटलं वहिनी चालल्यात. गोळ्या बाहेर डोकावत होत्या, म्हणून नीट आत सरकवायला गेले तर वरच साडी दिसली. म्हटलं, चला, शेवटी निघाल्या एकदाच्या. गाडी लागते ना त्यांना, म्हणून मी त्यात आवळासुपारी पण घातलीय."

"ती येत नाहीये."

"का?"

हिंमतरावांनी गाडी लागण्याचं आणि गुडघ्यांचं सांगितलं. अख्तरबानूंनी ते ऐकून घेतलं. अकबरभाईंनी मात्र ऐकून घेतलं नाही.

"गुडघे नाहीत, हिंमतराव. सर्जेराव आहेत," ते म्हणाले. "देवीच्या वाटेवर त्यांचं गाव आहे. मला काय माहीत नाही?"

ही गोष्ट घरात आठ वर्षं कुणी काढली नव्हती. सर्जेराव म्हणजे मुक्ताईचा धाकटा भाऊ. नम्रताच्या लग्नात मामानं नवरीला बोहल्यावर आणायचं, हा त्याचा मान. त्याची एसटी नगरजवळ बंद पडली, तो दुसऱ्या गाडीनं येत होता, फोन करकरून कळवत होता. हिंमतराव थांबले नाहीत. त्यांनी चुलतमेहुण्याला, रंगरावाला, पुढे केलं. सर्जेराव अष्टपुत्रीची पिवळी साडी हातात घेऊन मांडवात आला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. भर मांडवात हिंमतराव म्हणाले, मुहूर्त मामासाठी थांबत नसतो. सर्जेरावानं साडी बहिणीच्या हातात दिली आणि पाणीसुद्धा न पिता तो माघारी गेला. यंदाच्या पावसाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. आता त्याला फोनवर बोलता येत नव्हतं. भेटायचं तर समोर जाऊनच.

"पिशवी देता का?" हिंमतराव म्हणाले.

"देतो की. तुमचीच आहे," अकबरभाई उठले. "पण मग मला नीट सांगा. ही बाहेर काढली म्हणजे वहिनींचं मोडलं. बरोबर? आणि मोडलं की सगळ्यांचं मोडलं. साईचं जावळ तुम्ही मोडलेल्या प्रस्थानावर काढणार? मला काही नाही, मी मुसलमान माणूस. नियम तुमचा आहे."

नियम हिंमतरावांचाच होता, ही तर खरी पंचाईत होती. दुसऱ्या कुणाचा असता तर त्यांनी तो कधीच खोडून काढला असता. कपाटाकडे नेलेला हात त्यांनी मागे घेतला. शेवटी अख्तरबानूंनी पिशवीला हात न लावता, वरूनच चिमटीनं गोळ्यांचं पाकीट काढून त्यांना दिलं. "रात्रीची गोळी चुकायला नको," त्या म्हणाल्या.

इकडे हिंमतराव गेल्यापासून घरात कुणीच कामाला हात लावला नव्हता. नम्रतानं खाली जाऊन रिक्षा सोडून दिली होती. मुक्ताई दिवाणावर बसली होती आणि साई तिच्या मांडीवर झोपला होता. त्याच्या शेंड्यांचे रबर ती हलक्या हातानं सोडवत होती.

तिनं दुपारीच पाहिलं होतं. जेवणाची पानं मांडताना नवऱ्याची पिशवी खुर्चीवर जागच्या जागी दिसली, स्वतःची पिशवी ठेवली होती तो दिवाण रिकामा दिसला, आणि तिच्या लक्षात आलं. सांगायला तिनं तोंड उघडलंही होतं. मग ते मिटलं. आयुष्यभर ती यांच्या चुका वेळेवर सांगत आली होती, चष्मा विसरला, औषध राहिलं, दूध उतू जातंय. एवढी एक नाही सांगायची, असं तिनं ठरवलं आणि वरणाला फोडणी दिली. तेव्हापासून तिला आनंदही वाटत होता आणि भीतीही.

हिंमतराव आत आले. त्यांनी गोळ्यांचं पाकीट तिच्यासमोर ठेवलं.

"पिशवी?" तिनं विचारलं.

"आहे तिथंच आहे."

"मग माझं प्रस्थान झालंय," मुक्ताई म्हणाली. "मी जाणार."

"अगं, चुकून झालं ते. तू समजून तर घे."

"तुमच्या हातानं झालं ना? माझ्या हातानं झालं असतं तर चूक. तुमच्या हातानं झालं की ते शास्त्र असतं. आजवर असंच चालत आलंय."

तुषारनं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. नम्रता मात्र पुढे आली. "आई, पण माझं काय? मी सुट्टी टाकलेली नाही. तू येणार म्हणून..."

"नमू," मुक्ताई तिच्याकडे वळली, "तुझ्या लग्नापासून मी माझ्या भावाचं तोंड पाहिलेलं नाही. तो आता नीट बोलत नाही. तोंड एका बाजूला ओढलंय म्हणतात. पुढच्या वेळेला जाईन असं मी आठ वर्षं म्हणतेय. आता मला पुढच्या वेळेची खात्री वाटत नाही. तू पोराला चार दिवस कुणाकडे ठेवायचं ते बघ. तुला जमेल. मला हे जमायला दुसरी संधी नाही."

नम्रताच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. ती पिवळी साडी तिच्या कपाटात होती. मामानं दिलेली म्हणून नेसायची हिंमत झाली नव्हती आणि द्यायचीही झाली नव्हती. आपल्याच लग्नातून हे सुरू झालं आणि आपण मात्र आईला पाळणाघर समजून बसलो, याची तिला मनापासून शरम वाटली.

"बघते मी," ती म्हणाली. "सासूबाईंना बोलावते. नाहीतर घरून काम करीन. नवीन साहेबाला पहिल्या दिवसापासून कळू दे, कसली माणसं मिळालीत ते."

"अगं तू तरी!" हिंमतराव म्हणाले. आठवडाभर लेक त्यांच्या बाजूला होती, ती एका मिनिटात पलीकडे गेली. "आणि जागा? जागा कुठाय गाडीत? तिला पुढं बसावं लागतं, मागं बसली की उलट्या. सामान कुठं टाकायचं?"

आता उत्कर्षाची पाळी होती. तिनं बाबागाडी उचलली आणि बाल्कनीत नेऊन ठेवली. कूलर उचलला, तो तिच्या मागे. सुटकेस उघडली आणि सहा दिवसांच्या कपड्यांतले निम्मे कपाटात परत टाकले. डायपरचं मोठं पाकीट फोडून तिनं मोजके काढून घेतले. प्रत्येक वस्तू उचलताना आठवडाभर साठलेला वैताग थोडा थोडा खाली ठेवल्यासारखा तिला वाटत होता.

"मागचं एक सीट उघडतंय," ती म्हणाली. "एका बाजूला सामान, एका बाजूला एक माणूस. आरामात."

"आणि माझे डायनोसॉर?" शंभूनं विचारलं.

"दोन घे."

"चार."

"तीन. आणि पुन्हा एक शब्द नाही."

"त्या मागच्या सीटवर बसणार कोण?" हिंमतरावांनी विचारलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही. त्यांच्या तोंडी एकदम वऱ्हाडी आली, राग आला की ती येई. "मी? मी बसू सामानात? काऊन? मी काय बोचकं आहो?"

"नाही बसायचं तर नका बसू," मुक्ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मांडीवरचा साई तेवढ्यानंही हलला. "पण एक आताच सांगते. आपण आधी सर्जाकडे जाणार. दिवसभराचा प्रवास करून माणसं त्याच्या दारावरून नुसती पुढे जाणार नाहीत. रात्री तिथंच राहायचं, सकाळी देवीला. तुम्हाला हे चालत असेल तर चला. नाहीतर राहा घरी. नमू आहे, डबा देईल."

"मी त्याच्या दारात पाय ठेवणार नाही."

"बरं," मुक्ताई म्हणाली.

या घरात मुक्ताईनं नवऱ्याला 'बरं' म्हणणं नवं नव्हतं. त्यानंतर ती काहीतरी समजूत घाले, हात जोडे, मुलांना मधे घाली, आणि हिंमतराव मोठ्या मनानं तयार होत. सगळे त्या पुढच्या भागाची वाट पाहत होते. हिंमतरावही पाहत होते. मुक्ताईनं साईला उचलून आत नेलं आणि ती झोपली.

सकाळी उजाडायच्या आत गाडी भरली गेली. शंभूला झोपेतच बेल्ट लावला. साईनं थोडं दूध प्यायलं, उरलेलं मागच्या सीटच्या पायाशी सांडलं. उत्कर्षानं टॉवेल टाकला आणि तिच्या तोंडून एक अस्सल शब्द निघाला, तो सुदैवानं दोन्ही पोरांनी ऐकला नाही. हिंमतराव आंघोळ करून, सदरा घालून, जिन्याच्या तोंडाशी हाताची घडी घालून उभे होते.

"मी येत नाही," त्यांनी जाहीर केलं. "तुम्ही जा. सावकाश चालव रे. नगरच्या पुढं ट्रक असतात."

"बाबा, चला ना," तुषार म्हणाला. "साईचं जावळ आहे. तुमच्याशिवाय कसं?"

"नाही म्हटलं ना."

तुषारनं आईकडे पाहिलं. मुक्ताई पुढच्या सीटवर बसली होती. पट्टा कुठं अडकवायचा हे तिला कळत नव्हतं, तो उत्कर्षानं मागून हात घालून अडकवून दिला.

"आई, तू एकदा म्हण ना त्यांना," तुषार हळूच म्हणाला.

"मी काल म्हटलंय. आज तेच पुन्हा म्हणणार नाही." मुक्ताई समोर बघत होती. तिनं हात पदराखाली घेतले. "चल."

गाडी हलली. गेटमधून बाहेर पडली. आरशात तुषारला बाप दिसत होता, जागचा न हललेला. उत्कर्षाला वाटलं की आता सासूबाई थांबव म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत. गाडी रस्ता ओलांडून अकबरभाईंच्या बिल्डिंगपाशी थांबली. अकबरभाई आणि अख्तरबानू शाल पांघरून खाली उभेच होते. अख्तरबानूंनी खिडकीतून पिशवी मुक्ताईच्या मांडीवर दिली आणि तिचा हात हातात धरून ठेवला.

"भावाला माझा सलाम सांगा," त्या म्हणाल्या. "आणि रडू नका तिथं जाऊन. आजारी माणसासमोर रडायचं नसतं."

"नाही रडणार," मुक्ताई म्हणाली, आणि तिथंच तिला रडू आलं.

"हिंमतराव कुठायत?" अकबरभाईंनी गाडीत वाकून विचारलं. त्यांनी मान वर करून रस्त्याकडे पाहिलं आणि ते बाजूला झाले.

हिंमतराव येत होते. हातात ती दुसरी कापडी पिशवी होती. रस्ता रिकामाच होता, तरी ते दोन्हीकडे बघून सावकाश आले, जणू फिरायलाच निघाले होते. अकबरभाईंकडे त्यांनी पाहिलं नाही. तुषारकडे पाहिलं नाही. ते पुढच्या खिडकीपाशी येऊन थांबले. तिथं, त्यांच्या हक्काच्या जागेवर, मुक्ताई पदरानं डोळे पुसत बसली होती. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत या माणसानं पंगतीत, एसटीत, मांडवात, घरातल्या खुर्च्यांवर कुणी कुठं बसायचं ते सांगितलं होतं. त्यानं ते विचारल्याचं कुणालाही आठवत नव्हतं.

"मी कुठं बसू?" हिंमतरावांनी विचारलं.

मुक्ताईनं नवऱ्याकडे पाहिलं. आठ वर्षांचं काय काय तिच्या ओठांवर आलं होतं. त्यातलं एकही तिनं बोलून दाखवलं नाही, कारण रस्ता लांबचा होता आणि ते म्हातारे दिसत होते.

"मागं," ती म्हणाली. "तिथं दूध सांडलंय. चपला काढून बसा."

हिंमतरावांनी चपला काढून हातात घेतल्या आणि ते वाकून आत शिरले.